चार महिन्यांचा सैनिक, पन्नास वर्षांचा प्लंबर: हॅरी पॅचचं प्रकरण

२५ जुलै २००९ ला इंग्लंडमधल्या वेल्स नावाच्या छोट्याशा शहरात हॅरी पॅच गेला तेव्हा त्याचं वय होतं १११ वर्षं ३८ दिवस. बातमी सगळीकडे एकाच सुरात आली, पहिल्या महायुद्धात खंदकात लढलेला शेवटचा सैनिक गेला. बरोबरच आहे, त्याच्याच एक आठवडा आधी, १८ जुलैला, त्याच युद्धातले आणखी एक जुने सैनिक हेन्री अ‍ॅलिंगहॅम ११३ व्या वर्षी गेले होते, आणि हॅरी गेल्यावर खंदकात लढलेला कुणी उरलाच नव्हता. पण हिशोब मांडला की जरा गंमत वाटते. या माणसाने प्रत्यक्ष आघाडीवर काढले जेमतेम चारेक महिने, जून १९१७ ते सप्टेंबर १९१७. प्लंबिंगच्या धंद्यात काढली पन्नास वर्षं. पहिल्या बायकोशी संसार केला सत्तावन्न वर्षं. आणि लढाईबद्दल एक अक्षर न बोलता राहिला ऐंशी वर्षं. लोक चार महिन्यांबद्दल लिहितात, मला उरलेल्याचं जास्त कुतूहल आहे, म्हणून हे प्रकरण नीट उलगडून बघूया म्हटलं.

सुरुवात साधी आहे. जन्म १७ जून १८९८, गाव कूम्ब डाउन, बाथ शहराला लागूनच. बाथमधल्या त्या प्रसिद्ध पिवळसर दगडी इमारती आहेत ना, त्यांचा दगड या भागातल्या खाणींतून निघालेला. वडील गवंडी, दगडी कामातले उस्ताद. तीन भावांत हॅरी शेंडेफळ. पंधराव्या वर्षी, १९१३ मध्ये शाळा सुटली आणि बाथमध्ये प्लंबरच्या हाताखाली उमेदवारी सुरू झाली. घरात हातकाम करणाऱ्यांचाच वारसा, त्यामुळे पोराने पण हातातलं काम शिकावं यात कुणाला वावगं वाटलं नसणार.

तेव्हाचं प्लंबिंग म्हणजे आजच्यासारखं पाइप कापला, सोल्युशन लावलं, दाबून धरलं आणि झालं, असं नव्हतं. सगळा कारभार शिशाचा. पाण्याचे नळ शिशाचे, छपराच्या पन्हळी आणि सांध्यांवरचे पत्रे शिशाचे. दोन नळ जोडायचे तर एकाचं तोंड लाकडी खुंटीने फाकवायचं, दुसऱ्याचं निमुळतं करायचं, दोन्ही तासून लखलखीत करायची, एकात एक बसवायची आणि मग वितळलेलं डाख वरून ओतत ओतत हातातल्या तेलकट जाड कापडाने ते गोल गोल पुसत आकार द्यायचा. डाखात साधारण दोन भाग शिसं, एक भाग कथील, कारण या मिश्रणाची खुबी अशी की ते एकदम घट्ट होत नाही, थोडा वेळ मलमासारखं मऊ राहतं, तेवढ्यात हात चालला पाहिजे. घाई केली तर ओघळतं, रेंगाळलात तर ढेकूळ होतं आणि सांधा गळतो. हे पुस्तकात वाचून येत नाही, उस्तादाच्या शेजारी उभं राहून वर्षानुवर्षं बघावं लागतं, भाजून घ्यावं लागतं. हॅरीचं हे शिक्षण चालू असतानाच ऑगस्ट १९१४ मध्ये युद्ध सुरू झालं.

आणि इथेच पहिली गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. १९१४ मध्ये ब्रिटनभर पोरं रांगा लावून, वय चोरून भरती होत होती, बँड वाजत होते, पोस्टरं लागली होती. हॅरी गेला नाही. त्याचा मोठा भाऊ सैन्यातच होता, मॉन्सच्या लढाईत जखमी होऊन परत आला होता आणि खंदकात काय असतं ते त्याच्याकडून हॅरीला आधीच कळलेलं. त्यामुळे डोक्यात कसलाही शौर्याचा फुगा नव्हता. मला जायचं नव्हतं, पण जावंच लागलं, असं तो पुढे सरळ सांगायचा. जानेवारी १९१६ मध्ये ब्रिटिश संसदेने सक्तीच्या भरतीचा कायदा केला, १८ ते ४१ वयाच्या अविवाहित पुरुषांना बोलावणं आलं, आणि हॅरी त्याच वर्षी अठरा पूर्ण झाला. म्हणजे काय, तर हातातलं कापड ठेवलं आणि रायफल उचलली, आणि तीही सरकारने उचलायला लावली म्हणून.

ट्रेनिंग संपवून जून १९१७ मध्ये तो फ्रान्सला पोचला, एकोणिसावा वाढदिवस त्याच सुमाराला. पलटण ड्यूक ऑफ कॉर्नवॉल्स लाइट इन्फंट्रीची ७ वी बटालियन, आणि काम लुईस गनच्या, म्हणजे हलक्या मशीनगनच्या पथकात. पाच जणांचं पथक. नंबर एक गोळीबार करणार, नंबर दोन त्याच्या शेजारी, नंबर तीन, चार आणि पाच दारूगोळा वाहणार. हॅरी नंबर दोन. लुईस गनच्या वर ताटलीसारखं गोल मॅगझिन बसतं, एकात ४७ गोळ्या, सलग घोडा दाबून धरला तर पाच-सहा सेकंदांत खलास. नंबर दोनने रिकामी ताटली काढून भरलेली बसवायची. शिवाय सुट्या भागांची पिशवी त्याच्याकडे, गन अडकली की कुठला भाग बिघडला ते ओळखून तिथल्या तिथे बदलून द्यायचा, अंधारात, चिखलात, वरून गोळे पडत असताना. आणि ही गन अडकायचीच, चिखल आणि लुईस गन यांचं कधी जमलं नाही. बघा ना, सैन्याने या पोराला माणसं मारायला नेलं पण त्याच्या हातात दिलं मेकॅनिकचं काम. हा योगायोग असेलही. पण मशीन चालू ठेवणं हे एक असं काम आहे की त्यात डोकं गुंतून राहतं आणि समोर काय चाललंय ते थोडं तरी बाजूला पडतं, असं मला वाटतं.

या पाच जणांनी आपापसात एक ठरवलेलं. शक्य असेल तोवर समोरच्याला जिवे मारायचं नाही. गोळी झाडायची ती खाली, पायांवर, किंवा आजूबाजूला. वरच्या अधिकाऱ्यांना हे कळलं असतं तर काय झालं असतं याचा विचार करा, त्या युद्धात भित्रेपणा, पळून जाणं अशा आरोपांखाली ब्रिटिश आणि साम्राज्याच्या ३०६ सैनिकांना आपल्याच लोकांनी गोळ्या घातल्या होत्या, त्यांना माफी मिळाली ती थेट २००६ मध्ये. अशा सैन्यात राहून पाच विशी-आसपासची पोरं गुपचूप असा करार करतात ही मला या सगळ्या प्रकरणातली सर्वात धाडसी गोष्ट वाटते. पदक बिदक याला कुणी देत नाही.

१६ ऑगस्ट १९१७, लँगमार्कची लढाई. बेल्जियममधल्या ईप्रच्या तिसऱ्या लढाईचा हा एक भाग, जिला लोक पॅशनडेल म्हणून ओळखतात. ती ३१ जुलैला सुरू झाली आणि १० नोव्हेंबरपर्यंत चालली, दोन्ही बाजूंची मिळून लाखो माणसं मेली किंवा जायबंदी झाली. मुळात तो सखल, चिकणमातीचा भाग, पाणी वाहून जायला शेतकऱ्यांनी शतकानुशतकं चर काढून ठेवलेले. तोफांनी ते सगळे चर उद्ध्वस्त केले आणि वरून ऑगस्टचा पाऊस. मग पाणी जाणार कुठे? जखमी माणूस खड्ड्यात घसरला तर बुडून मरायचा. हॅरीच्या पलटणीला स्टीनबीक नावाचा ओढा ओलांडून पुढे जायचं होतं.

ओढा ओलांडल्यावर त्याला आपल्याच रेजिमेंटचा एक जवान पडलेला दिसला. खांद्यापासून कमरेपर्यंत फाटलेला. मला गोळी घाल, एवढंच म्हणाला. हॅरीकडे रिव्हॉल्वर होतं, पण ते काढायच्या आत तो पोरगा गेला, आणि जाता जाता एकच शब्द बोलला, आई. हॅरीचं म्हणणं होतं की तो आक्रोश नव्हता, त्या हाकेत आश्चर्य होतं आणि आनंद होता, जणू ती समोर येऊन उभी राहिली. हा एक मिनिटभराचा प्रसंग त्याच्याबरोबर पुढे ब्याण्णव वर्षं राहिला.

त्याच दिवशी थोड्या वेळाने एक जर्मन सैनिक संगीन रोखून थेट त्यांच्या अंगावर धावत आला. त्याच्याकडे गोळ्या संपल्या असाव्यात, नाहीतर संगिनीपर्यंत यायची गरज नव्हती. हॅरीने रिव्हॉल्वरने त्याच्या उजव्या खांद्यात गोळी मारली. रायफल गळून पडली तरी तो येतच राहिला. आता? अजून तीन गोळ्या होत्या, सरळ छातीत घालता आली असती आणि सगळं जग म्हणालं असतं बरोबर केलंस. त्याने दुसरी घोट्याच्या वर मारली, तिसरी गुडघ्याच्या वर. माणूस खाली कोसळला पण जिवंत राहिला. नुकताच त्याने आईचं नाव घेत मरणारा पोरगा बघितलेला होता आणि पथकाचा करारही होता. विचार करायला काही सेकंद मिळाले आणि त्या सेकंदांत त्याने हे निवडलं.

२२ सप्टेंबर १९१७ ची रात्र. पथक आघाडीवरून मागे येत होतं, म्हणजे सुटका झाली असं वाटायची वेळ. वर हवेत तोफगोळा फुटला. दारूगोळा वाहणारे तिघे जागच्या जागी गेले, इतके की पुरायलाही काही राहिलं नाही. हॅरीला गोळ्याचा तुकडा लागला तो पोटाच्या खाली, जांघेजवळ. तो नीट ऐकण्यासारखा भाग पुढे आहे. ड्रेसिंग स्टेशनवर डॉक्टर आला तोवर भूल द्यायचं औषध संपलेलं होतं. डॉक्टरने विचारलं, काढू का? हॅरीने विचारलं, किती वेळ लागेल? दोन मिनिटं. ठीक आहे म्हणाला. चार जणांनी हातपाय धरले आणि दोनेक इंचाचा तुकडा शुद्धीत असतानाच बाहेर काढला. आठवण म्हणून हवाय का, असं डॉक्टरने विचारल्यावर त्याने सांगितलं की इतका वेळ बाळगला तेवढा पुरे, फेकून द्या. आता या उत्तरात मला पक्का कारागीर दिसतो, किती वेळ लागणार ते आधी सांगा, मग कामाला लागा, आणि काम झालं की कचरा उचला.

मरण पावलेले तिघे मात्र त्याने फेकून दिले नाहीत. त्यांना निरोप द्यायला मिळालं नाही, याची सल शेवटपर्यंत होती. पुढे आयुष्यभर २२ सप्टेंबर हा त्याचा स्वतःचा स्मृतिदिन. ११ नोव्हेंबरला, म्हणजे युद्ध थांबलं त्या दिवशी, देशभर परेड, फुलं, दोन मिनिटं शांतता चालायची, त्याला तो नुसता देखावा म्हणायचा.

इंग्लंडला परत आणल्यावर बरं व्हायला वेळ लागला. याच काळात सटन कोल्डफील्डला बस पकडायला धावताना एका मुलीला धडकला आणि ती खाली पडली. तिचं नाव एडा बिलिंग्टन. पुढचं तुम्हाला कळलंच असेल. १९१८ च्या शेवटी तो आइल ऑफ वाइटवर होता, पुन्हा फिट करून परत पाठवायची तयारी चालू होती, तेवढ्यात ११ नोव्हेंबरला युद्ध थांबलं. थांबल्यावरही सैन्य सोडेना, कवायती चालूच, आणि तिथल्या पोरांनी एका अधिकाऱ्याविरुद्ध जवळजवळ बंडच केलं, बंदुका भरेपर्यंत गेलं प्रकरण. ते निवळलं, घरी पाठवलं. १३ सप्टेंबर १९१९ ला हॅरी आणि एडाचं लग्न झालं. पुढे दोन मुलगे, डेनिस आणि रॉय.

आता खरा मुद्दा. एकवीस वर्षांचा पोरगा, पोटाखाली व्रण, डोक्यात ते सगळं, घरात नवी बायको. तो काय करतो? शिशाच्या कामावर परत जातो.

ब्रिस्टलला विल्स मेमोरियल बिल्डिंग म्हणून युनिव्हर्सिटीची एक मोठी इमारत आहे, तंबाखूचा धंदा करणाऱ्या विल्स घराण्याने बापाच्या स्मरणार्थ बांधून दिलेली. १९१५ ला काम सुरू झालं, युद्धात रखडलं, मग परत सुरू झालं. बुरूज २१५ फूट उंच, म्हणजे साधारण ६५ मीटर. जून १९२५ मध्ये राजा पाचवा जॉर्ज येऊन उद्घाटन करून गेला. त्या बुरुजावर हॅरीने प्लंबर म्हणून जवळपास चार वर्षं काम केलं. जी पोरं चिखलात तोंड घालून पडायला शिकली होती त्यातला एक जण आता शहराच्या डोक्यावर उभा राहून शिसं बसवत होता. मग त्याने सॅनिटरी इंजिनिअरिंगच्या संस्थेची परीक्षा दिली, पास झाला, ब्रिस्टलमध्ये एका प्लंबिंग कंपनीच्या शाखेचा मॅनेजर झाला. हे परीक्षेचं सहज वाचून पुढे जाऊ नका. पंधराव्या वर्षी शाळा सोडलेला, मध्येच युद्धावर ओढून नेलेला माणूस दिवसभर कामं करून, संसार सांभाळून पुस्तकं घेऊन बसतो याला चिकाटी लागते.

दुसरं महायुद्ध आलं तेव्हा तो एकेचाळिशीचा, लढायला बोलावलं जायची वेळ गेलेली. तो बाथमधल्या अग्निशमन दलात गेला. एप्रिल १९४२ मध्ये जर्मन विमानांनी सलग दोन रात्री बाथवर बॉम्ब टाकले, चारशेच्या वर माणसं गेली, आणि पॅच त्या आगी विझवणाऱ्यांत होता. नंतर इंग्लंडमध्ये अमेरिकन सैन्याचे तळ पडले, फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर सैन्य उतरायच्या आधीचे दिवस, तेव्हा सॉमरसेट परगण्यातल्या तळांवर पाणी, संडास, सांडपाणी यांची व्यवस्था बघायचं काम त्याच्याकडे. हजारो माणसं एका जागी ठेवायची तर पहिली गरज चांगल्या नाल्यांची, नाहीतर गोळी लागायच्या आधी हगवणच पलटण आडवी करते, हे जुन्या सैनिकापेक्षा कुणाला जास्त ठाऊक असणार. पहिल्या युद्धात त्याने काय केलं ते सगळे विचारतात, पण दुसऱ्या युद्धात त्याने केलेलं काम मला जास्त आवडतं, आग विझवली आणि नाल्या वाहत्या ठेवल्या. युद्धानंतर स्ट्रीट नावाच्या गावात स्वतःचा प्लंबिंगचा धंदा चालवला आणि ६५ व्या वर्षी, म्हणजे १९६३ मध्ये हत्यारं खाली ठेवली.

इतकं वाचून कुणीही म्हणेल, बघा, कामात गुंतवून घेतलं, घर सांभाळलं, माणूस सावरला. अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं असं, की या सगळ्या काळात त्याने युद्धाबद्दल कुणाकडे ब्र काढला नाही. बायकोकडेही नाही. सिनेमात युद्ध असेल तर बघायचा नाही. एडा १९७६ मध्ये गेली, सत्तावन्न वर्षं एका ताटात जेवून, आणि त्या रात्री नेमकं काय झालं ते नवऱ्याच्या तोंडून तिने कधी ऐकलं नाही. दरवर्षी २२ सप्टेंबर घरात येत होता, जात होता.

याला घरच्यांवर जीव असणं म्हणायचं की घरच्यांपासून लपवणं? मला दोन्ही वाटतं, आणि दोन्ही एकाच माणसात असू शकतं. त्या पिढीच्या बाजूनेही बघायला हवं. बोलायचं तरी कुणाशी? युद्धाच्या धक्क्याने मन कोसळणं याला शेल शॉक हा शब्द होता, ब्रिटिश सैन्यात त्याची ऐंशी हजारांच्या आसपास प्रकरणं नोंदली गेली, पण त्याला चिकटलेला अर्थ होता मनाने कमकुवत, कदाचित कामचुकार. युद्ध संपल्यावर हाताला काम असलेला, दारू पिऊन धिंगाणा न घालणारा, पगार घरी आणणारा माणूस हा बरा झालेला माणूस, इतकीच व्याख्या. मोठ्या आघातानंतर मनाला जडणारा, आज ज्याला पीटीएसडी म्हणतात तो आजार अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत मॅन्युअलमध्ये आला १९८० मध्ये. त्या वर्षी हॅरी ८२ वर्षांचा झाला आणि त्याच वर्षी त्याने दुसरं लग्न केलं, जीनशी. त्याला तो आजार होता असं मी म्हणत नाही, मेलेल्या माणसाला लांबून लेबल लावणं मला पटत नाही. एवढंच सांगतो की डॉक्टर लोकांनी या गोष्टीला नाव देईपर्यंत त्याला रिटायर होऊनही सतरा वर्षं उलटली होती.

जीनही त्याच्या आधी गेली. दोन्ही मुलगे त्याच्या आधी गेले. इतकं आयुष्य लाभणं म्हणजे काय ते या एका ओळीत आलं. तो वेल्समधल्या एका केअर होममध्ये राहायला गेला. तिथे त्याच्या खोलीसमोर चादरी, टॉवेल ठेवायची एक छोटी खोली होती. रात्री नर्स तिथे जाऊन दिवा लावायची. अर्धवट झोपेत असताना दारातून तो उजेड भपकन आत आला की हॅरीला तो बॉम्बचा लखलखाट वाटायचा. शंभरीला टेकलेला माणूस, ऐंशी वर्षं झाकून ठेवलेलं सगळं, आणि ते वर कशाने आलं तर चादरींच्या खोलीतल्या दिव्याने. कामाने, संसाराने, शिस्तीने त्याने जे दाबून ठेवलं होतं ते गेलेलं नव्हतंच. उलट काम सुटलं, माणसं सुटली, दिवसभर गुंतायला काही राहिलं नाही तेव्हा ते परत आलं. ज्यांच्या घरात जुने सैनिक, पोलीस, अपघात बघितलेले कामगार आहेत त्यांनी हा भाग दोनदा वाचावा. वडील आता रिटायर झाले, आता निवांत, असं आपण म्हणतो आणि नेमकं तेव्हाच त्यांच्या रात्री खराब व्हायला लागलेल्या असतात.

१९९८ मध्ये, शंभराव्या वर्षी, बीबीसीचे लोक उरलेल्या सैनिकांवर माहितीपट करायला आले आणि हॅरी पहिल्यांदा बोलला. का बोलला? एक तर आपल्याबरोबरचे भराभर चाललेत हे त्याला दिसत होतं, आपण गेलो की त्या तिघांची आठवण काढणारं कुणीच राहणार नाही. दुसरं कारण माझं, अंदाजाने लिहितो. विचारणारे परके होते. घरच्या माणसाला सांगायचं म्हणजे त्याच्या डोळ्यांत नंतर रोज ते बघावं लागतं, परका ऐकतो आणि जातो. आणि ऐकणारे खरंच ऐकायला आले होते, वेळ काढून. ऐंशी वर्षांत असं किती वेळा झालं असेल?

एकदा तोंड उघडल्यावर मात्र त्याने काही राखून ठेवलं नाही. युद्ध म्हणजे संघटित खून, दुसरं काही नाही, असं तो स्पष्ट म्हणायचा, आणि ज्या राजकारण्यांनी आम्हाला पाठवलं त्यांच्याच हातात बंदुका देऊन भांडण मिटवायला लावायला हवं होतं असंही. लोकांना देशभक्तीचा गोड म्हातारा हवा होता, मिळाला हा. १९९९ मध्ये फ्रान्सने हयात असलेल्या ब्रिटिश सैनिकांना लिजन ऑफ ऑनर हा आपला सर्वोच्च सन्मान दिला, त्यात त्यालाही. २००४ मध्ये तो बेल्जियमला गेला आणि चार्ल्स कुएन्झ नावाच्या १०७ वर्षांच्या जुन्या जर्मन तोफखान्यातल्या सैनिकाला भेटला. दोघं त्याच आघाडीवर समोरासमोरच्या बाजूंना होते. कुएन्झनी बिस्किटांचा डबा आणला होता, हॅरीने सॉमरसेटच्या सायडरची, म्हणजे सफरचंदाच्या दारूची बाटली. शंभरी उलटलेले दोन म्हातारे एकमेकांना खाऊ देतायत हे चित्र फोटोवाल्यांना आवडलं, साहजिक आहे, पण खांद्यात, घोट्यावर आणि गुडघ्यावर गोळी मारलेला तो माणूस आठवा आणि मग ही भेट बघा. तेव्हा ते गोड वगैरे वाटत नाही.

डिसेंबर २००५ मध्ये ब्रिस्टल युनिव्हर्सिटीने त्याला मानद पदवी दिली, तीच युनिव्हर्सिटी जिच्या बुरुजावर त्याने ऐन विशीत काम केलं होतं. २००८ मध्ये तो बुरूज दुरुस्त झाल्यावर पुन्हा खुला करायलाही त्यालाच बोलावलं. माझ्या मते मिळालेल्या सगळ्या मानसन्मानांत हा एकच त्याच्या आयुष्याच्या मधल्या भागाला मिळाला, बाकी सगळे त्या चार महिन्यांना. १०९ व्या वर्षी आत्मचरित्र आलं. सप्टेंबर २००८ मध्ये स्टीनबीक ओढ्याच्या काठी, जिथून त्याची पलटण पार झाली होती तिथे, एक छोटा स्मारक-दगड बसवला गेला, त्याचं अनावरण व्हीलचेअरवर बसून त्यानेच केलं. आणि हो, त्याच वर्षी ११ नोव्हेंबरला तो लंडनला सेनोटाफ या युद्धस्मारकावर हजर होता, अ‍ॅलिंगहॅम आणि बिल स्टोन या दोन जुन्या सैनिकांबरोबर. देखावा म्हणायचा तरी गेला. यात विसंगती आहे असं मला वाटत नाही, बोटांवर मोजण्याइतकेच उरले असताना नाही म्हणायचं कसं?

खंदकातला शेवटचा सैनिक म्हणून त्याच्या अंत्यविधीला मोठा थाट असेल असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात ६ ऑगस्ट २००९ ला वेल्स कॅथेड्रलमध्ये झाला तो त्याच्या म्हणण्यानुसार. सैन्याचे लोक आले, पण एकाही हत्याराशिवाय, समारंभाची तलवारसुद्धा नाही. शवपेटीबरोबर बेल्जियमचे दोन, फ्रान्सचे दोन आणि जर्मनीचे दोन सैनिक चालले. कॅथेड्रलची घंटा १११ वेळा वाजवली. नंतर त्याला मंकटन कूम्बच्या चर्चच्या आवारात घरच्यांशेजारी पुरलं, जिथे लहानपण गेलं तिथून हाकेच्या अंतरावर.

देशाने पहिल्या महायुद्धाच्या सगळ्या पिढीला निरोप द्यायला वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत मोठी प्रार्थनासभा ठेवली, राणी आली होती, तारीख अर्थातच ११ नोव्हेंबर. तो असता तर गेलाही असता बहुतेक, आणि आल्यावर दोन शब्द सुनावलेही असते.